उजनीचा फुगवटा आणि नववीचा वर्ग: परस्परसंवादी नकाशांनी शाश्वत विकास शिकवताना

शाश्वत विकासाची व्याख्या माझ्या विद्यार्थ्यांना नेहमीच तोंडपाठ असायची. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास, हे १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालातले वाक्य ते उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहीत आणि त्याचे पूर्ण गुण मिळवत. पण आपल्याच गावात ही व्याख्या कुठे लागू पडते असे विचारले की वर्ग गप्प होई. बरीच वर्षे भूगोल शिकवल्यावर या गप्प बसण्याचे कारण माझ्या ध्यानात आले ते असे, की या व्याख्येचा सगळा जोर काळावर आहे, आणि वर्गात आम्ही जो नकाशा भिंतीवर टांगतो त्यात काळ नसतोच. तो एका वर्षी, एका प्रमाणावर छापलेला असतो. त्यात धरण नेहमी भरलेले असते, नदी नेहमी वाहती असते आणि जंगल नेहमी हिरवे असते. आंतरजालावरच्या परस्परसंवादी नकाशांकडे मी वळले ती याच एका कारणाने. एकच जागा चाळीस वर्षांपूर्वी कशी होती, आज कशी आहे आणि ऐन उन्हाळ्यात कशी दिसते, हे मुलांनी स्वतः सरकवून पाहावे एवढीच सुरुवातीची इच्छा होती.

आमची माध्यमिक शाळा सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यापासून, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यापासून, काही किलोमीटरवर आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात आणि त्याचे पाणी सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या हद्दींना टेकते. एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यांपैकी जवळपास ६४ टीएमसी मृत साठा आणि ५३ टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा, अशी त्याची विभागणी आहे. वर्गातल्या मुलांमध्ये तीन प्रकारची घरे असतात. काहींच्या शेतात फुगवट्यातून पाइपलाइनने पाणी येते, काहींची घरे धरणग्रस्त म्हणून उठवून नव्या गावठाणात वसवलेली आहेत, आणि काही मुले माळावरच्या अशा वस्त्यांतून येतात जिथे धरण दिसते पण उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते. शाश्वत विकासाचा धडा शिकवायला याहून योग्य जागा मला दुसरी सुचत नाही, आणि तरीही आमच्या वर्गात या पाण्याविषयी कधी बोलणे होत नव्हते.

सुरुवात मात्र मी दूरच्या प्रदेशापासून केली. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, त्यामुळे गूगल अर्थवरील कालपटात, म्हणजे १९८४ पासूनच्या उपग्रह प्रतिमा वर्षानुक्रमे दाखवणाऱ्या सुविधेत, मी ब्राझीलच्या रोन्डोनिया राज्याचा भाग पडद्यावर उघडला. मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटलेले उपरस्ते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी दरवर्षी रुंदावत गेलेली तोड असा तो माशाच्या काट्यासारखा आकार हिरव्या जंगलात उमटत जाताना मुलांनी पाहिला. तोडीची कारणे पुस्तकात होतीच. रस्ता आधी येतो आणि तोड त्याच्यामागून येते, हा क्रम मात्र त्यांनी पडद्यावरून स्वतः ओळखला. तास संपताना एका मुलाने विचारले, “बाई, यात आपली उजनी दिसते का?” पुढचे सगळे काम त्या प्रश्नावर उभे राहिले, आणि माझे आता ठाम मत आहे की दूरचे उदाहरण एका तासापुरते ठेवून लगेच मुलांच्या पायाखालच्या जमिनीकडे यावे. ॲमेझॉनविषयी हळहळ वाटणे सोपे असते, कारण तिथे आपल्या घरचे कोणी नसते.

सोयी बेताच्याच होत्या. संगणक कक्षातले निम्मे संगणक चालू स्थितीत, एक प्रोजेक्टर आणि माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मिळणारे जाल. भारनियमनाच्या वेळा पाहून तास लावावे लागत. ज्या प्रतिमा वर्गात लागणार त्या मी आदल्या रात्री घरी उघडून त्यांची चित्रे साठवून ठेवत असे आणि महत्त्वाच्या प्रतिमांच्या रंगीत छापील प्रती प्रत्येक गटाला देत असे. छापील प्रतीवर मुले पेन्सिलीने खुणा करतात, बोट ठेवून वाद घालतात, ट्रेसिंग पेपर लावतात, आणि पडद्यापेक्षा जास्त वेळ तिच्याकडे पाहतात. म्हणून जाल नीट असलेल्या दिवशीही मी या प्रती वाटतेच. वेळेचा प्रश्न नववीच्या जलसुरक्षा या विषयाने सोडवला. श्रेणी विषय असल्याने त्याला प्रकल्प आणि उपक्रम लागतातच, तेव्हा भूगोलाचे काही तास आणि जलसुरक्षेचे तास जोडून मी एकच सलग काम आखले.

उजनीसाठी पहिला नकाशा घेतला तो युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने तयार केलेला ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर. लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या लाखो प्रतिमांवरून पृथ्वीवरील प्रत्येक तीस मीटर चौकटीत पाणी किती वेळा आढळले, हे तो रंगांनी दाखवतो. कायम पाणी असलेला भाग गडद निळा दिसतो आणि क्वचित पाणी येणारा भाग गुलाबीकडे झुकतो. यशवंतसागराच्या मधोमध, भीमेच्या जुन्या पात्राच्या वळणांना धरून, गडद निळा पट्टा होता आणि त्याच्या कडेला आमच्या बाजूच्या उथळ खाड्यांमध्ये जांभळ्या-गुलाबी छटा पसरल्या होत्या. मुलांनी आपल्या ओळखीच्या जागा शोधल्या. जिथे आपली मोटार बसवलेली असते ती जागा गुलाबी आहे, म्हणजे तिथे दरवर्षी पाणी टिकत नाही, हे एका मुलीने सर्वांना दाखवले. उन्हाळ्यात पाणी मागे गेले की तिचे वडील मोटारी पुढे सरकवतात, पाइप वाढवतात आणि धरणाच्या पोटात चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात, हेही तिनेच सांगितले. नकाशावरच्या रंगाला तिच्या घरचा खर्च जोडला गेला.

याच तासात उणे टक्क्यांचा उलगडा झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती आणि ‘धरण मायनसमध्ये गेले’ हे वाक्य प्रत्येक घरात बोलले जात होते. पण शून्याच्या खाली पाणी कसे असू शकते, हे मुलांना कधी कोणी समजावले नव्हते. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची मोजतात, तो संपल्यावर मृत साठ्यातून जे पाणी उचलले जाते ते उणे दाखवतात, हे फळ्यावर धरणाचा उभा छेद काढून सांगितले. मग मुलांनीच हिशेब मांडला, की उपयुक्त ५३ टीएमसीच्या साठ टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी पाणी मृत साठ्यातून गेले. मृत साठा हा गाळासाठी, माशांसाठी आणि अगदी अडचणीच्या वेळेसाठी राखलेला असतो. पुढच्या पिढीच्या वाट्याला हात घालणे म्हणजे काय, हे समजावायला मला त्या दिवशी वेगळे उदाहरण शोधावे लागले नाही.

कालपट १९८४ ला सुरू होतो आणि धरण १९८० ला भरले. म्हणून ज्या बदलाने आमच्या भागाचे जगणे सर्वांत जास्त पालटले, तोच या नकाशांत दिसत नाही. ही मर्यादा मुलांच्या लक्षात आणून देणे मला फार महत्त्वाचे वाटले, कारण उपग्रहाच्या नकाशापाशी मुले सहज थांबतात आणि नोंद सुरू होण्याआधी काही घडलेच नव्हते असे धरून चालतात. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराच्या १:२,५०,००० प्रमाणाच्या जुन्या नकाशांची मालिका जालावर खुली ठेवली आहे. तिच्यातला आमच्या भागाचा नकाशा घेऊन तो गूगल अर्थमध्ये आजच्या प्रतिमेवर पसरवला, करमाळा आणि इंदापूर ही दोन शहरे एकमेकांवर बसतील असा जुळवला, आणि वरच्या नकाशाची पारदर्शकता कमी-जास्त करत मुलांपुढे ठेवला. निळ्या पाण्याखालून नदीची बारीक रेषा, तिच्या दोन्ही काठांवरची गावांची नावे आणि त्यांना जोडणारे रस्ते वर आले. एवढ्या लहान प्रमाणावर वाड्यावस्त्या नसतात, तेव्हा त्या मुलांनी घरून आणल्या. जुने गावठाण कुठे होते, देऊळ नदीच्या कोणत्या अंगाला होते, बाजाराला कोणत्या उताराने नदी ओलांडत, हे आजी-आजोबांना विचारून त्यांनी छापील प्रतीवर टिपले. एका आजोबांनी नातवाच्या हातातला कागद फिरवून नदी आपल्या डाव्या हाताला घेतली आणि मगच बोलायला सुरुवात केली, असे त्या मुलाने सांगितले. कागदावर उत्तर दिशा वर असते हा आमचा संकेत, त्यांच्यासाठी वाहत्या नदीची दिशा हाच संकेत होता. पाणी फार उतरले की पलीकडच्या काठाला पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते हे सगळ्यांना माहीत होते. त्याच्यासारखी आपलीही गावे तिथे आहेत, हे अनेकांनी पहिल्यांदाच नकाशावर बोट ठेवून पाहिले. विकासाची किंमत कोणी दिली हा प्रश्न शाश्वततेच्या धड्यातून वगळता येत नाही, असे मी मानते, आणि आमच्या वर्गात ती किंमत दिलेल्या घरांतली मुले बसलेली असतात.

पुढचा टप्पा पिकांचा होता. कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येतात. त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील असतो आणि ढग नसतील तर काही दिवसांच्या अंतराने नवी प्रतिमा मिळते. मी ऑक्टोबर आणि एप्रिल अशा दोन प्रतिमा निवडल्या आणि वनस्पती लाल रंगात दाखवणारी छटा लावली. ऑक्टोबरमध्ये जवळजवळ सगळे शिवार लालसर होते. एप्रिलमध्ये रब्बी ज्वारी निघून गेलेली, माळ तपकिरी पडलेला, आणि तरीही फुगवट्याच्या काठाने व कालव्यांच्या बाजूने गर्द लाल पट्टे उरलेले. हे काय आहे, हे मुलांनी क्षणात ओळखले: ऊस आणि केळी, मधूनमधून डाळिंब. जलाशयाच्या जुन्या सीमेच्या आतही लाल ठिपके होते, तेव्हा काही वेळ गोंधळ झाला, आणि मग मागच्या बाकावरून उत्तर आले की ती गाळपेर आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत घेतलेला मका. पाण्यावरच पसरलेली एक लाल साय मात्र गाळपेर नव्हती, ती जलपर्णी होती. एकाच रंगाचे तीन अर्थ निघाले आणि तिन्ही फक्त तिथे राहणाऱ्या मुलांनाच सांगता आले.

इथे मी मुद्दाम सावकाश गेले. आमच्या भागात वर्षाला पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो, आणि त्याची तहान पावसाच्या कितीतरी पट असते. हे आकडे फळ्यावर मांडून ऊस वाईट असा निकाल देणे शिक्षकाला फार सोपे आहे. पण वर्गातल्या अनेक मुलांच्या शाळेचा खर्च त्याच उसाच्या बिलातून होतो. ऊसच का, असे विचारल्यावर मुलांनी दिलेली उत्तरे मी फळ्यावर जशीच्या तशी लिहिली: भाव ठरलेला असतो, कारखाना जवळ आहे, रानडुकरे सोडली तर राखण फारशी लागत नाही, कांद्यासारखा दर एका रात्रीत पडत नाही. नकाशा कुठे आणि किती हे सांगतो. का याचे उत्तर माणसांकडून घ्यावे लागते, आणि ते न घेता शाश्वततेचा पाठ दिला तर मुले घरच्यांना दोषी ठरवतात किंवा बाईंना खोटे ठरवतात. ठिबक, कमी मुदतीचा ऊस, उसाच्या क्षेत्रावर गावाने घालायची मर्यादा अशा पर्यायांची चर्चा त्यानंतर झाली आणि ती त्यांच्या पातळीवर पुरेशी नेटकी झाली.

पाणी येते कुठून, या शोधात मुले ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या नकाशावर, नदीच्या उलट दिशेने वर गेली. रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळणारी मुळा-मुठा, तिच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड, त्यांच्याही वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना ही धरणे, आणि दुसऱ्या फाट्याने भीमाशंकर. आपल्या जलाशयात हिरवट पाणी आणि जलपर्णी का वाढते, याचे एक मोठे उत्तर त्यांना शहरांच्या सांडपाण्यात सापडले. मुळशी धरणापाशी ती थबकली, कारण मुळशीचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला, म्हणजे कोकणात उतरते आणि आपल्याकडे येत नाही. १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट यांच्याविषयी मी थोडक्यात सांगितले. धरणग्रस्त हा शब्द आपल्या आजोबांपेक्षाही जुन्या लोकांचा आहे, हे कळल्यावर वर्गात जी शांतता झाली ती मला धड्याइतकीच मोलाची वाटली.

पण मला सर्वांत समाधान देणारे काम विहिरींचे झाले. उपग्रहाला पृष्ठभागावरचे पाणी दिसते, जमिनीच्या पोटातले दिसत नाही, आणि माळावरच्या वस्त्यांचा सगळा प्रश्न पोटातल्या पाण्याचा आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. आम्हीही तेच महिने धरले. मुलांनी गावातल्या निवडक विहिरी घेतल्या, दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले आणि घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवरून स्थान टिपले. विहिरीच्या काठाशी फक्त मोठी माणसे उभी राहतील आणि मुले नोंद घेतील, हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला आणि पालकांकडून तसे लिहून घेतले. जुनी माणसे खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगत, मुले दोरी फुटात मोजत आणि तक्ता मीटरमध्ये भरत, त्यामुळे गणिताच्या सरांनाही या कामात रस वाटू लागला.

या नोंदी यूमॅपवर चढवल्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या पायावर स्वतःचा नकाशा करण्याचे हे खुले साधन आहे. विद्यार्थ्यांना खाते उघडावे लागत नाही, नकाशा बदलण्याचा दुवा फक्त माझ्याकडे राहतो, आणि पार्श्वभूमीला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा ओपनटोपोमॅप घेता येतो, त्यामुळे विहीर उतारावर कुठे आहे हे लगेच समजते. नकाशात काय घालायचे आणि काय नाही, यावर मात्र बराच विचार करावा लागला. आमची बोअर नकाशावर दिसली तर वीज कंपनीची किंवा महसूलची माणसे येतील, अशी शंका काही शेतकऱ्यांनी उघड बोलून दाखवली, आणि ती अनाठायी नव्हती. म्हणून खासगी विहिरी व बोअर मालकाच्या संमतीशिवाय घ्यायच्या नाहीत, कोणाचेही नाव किंवा गट क्रमांक लिहायचा नाही, आणि हा नकाशा वर्गापुरता बंद ठेवायचा, असे आम्ही ठरवले. सार्वजनिक गोष्टी, म्हणजे ओढे, पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि वस्त्यांची नावे, तेवढी ओपनस्ट्रीटमॅपवर सर्वांसाठी भरली. तिथल्या नकाशात आमचे ओढे आधी नुसत्या निनावी रेषा होते. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नाव उतरवून घ्यायचे नाही, स्वतः जाऊन वा गावात विचारूनच लिहायचे, हा तिथला नियमही मुलांनी पाळला.

मार्चच्या नोंदी हाती आल्यावर मी नववीच्या पुस्तकातला पहिला पाठ, वितरणाचे नकाशे, पुन्हा उघडला. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत आणि सममूल्य पद्धत यांची उदाहरणे मुलांनी वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकातून सोडवली होती. आता त्यांना आपल्याच विहिरींच्या पाणीपातळीचा सममूल्य नकाशा, म्हणजे सारखी पातळी असलेल्या जागा रेषांनी जोडणारा नकाशा, काढायचा होता. यूमॅपची छापील प्रत खाली, ट्रेसिंग पेपर वर, आणि प्रत्येक विहिरीजवळ पातळीचा आकडा. फुगवट्याकडच्या बाजूला रेषा विरळ आणि सुबक आल्या. माळाकडे त्या दाटत गेल्या, आणि एका ठिकाणी रेषा निघेच ना, कारण हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरींपैकी एकीत पाणी होते आणि दुसरी कोरडी होती. मोजण्यात चूक झाली असेल असे समजून मुले पुन्हा तिथे गेली, आणि आकडे तेच निघाले. ज्यांनी त्या विहिरी खोदल्या होत्या अशा एका अनुभवी माणसाला शाळेत बोलावले. त्यांनी कागदावर उभे थर काढले: वर माती, मग मुरूम, मग एकीत मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, झिजलेला खडक, आणि दुसरीत काळा पाषाण, म्हणजे अखंड कठीण खडक. बेसाल्टमध्ये पाणी सलग साचत नाही, झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांतच ते राहते, म्हणून दोन बिंदूंच्या मधली पातळी सरासरीने काढता येत नाही. सममूल्य रेषा कुठे काढू नयेत हा धडा पुस्तकात नाही, आणि तो त्या दोन विहिरींनी जसा शिकवला तसा मी कधीच शिकवू शकले नसते.

शेततळ्यांचा वाद याच सुमारास उभा राहिला. जुन्या उपग्रह प्रतिमा पाहण्याची सोय वापरून मुले आपल्या शिवाराची जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवत होती. जुन्या प्रतिमेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असलेली निळसर चौकोनी तळी नव्या प्रतिमेत वस्तीगणिक दिसू लागली होती. पाण्याच्या जागतिक नकाशात मात्र ती जवळजवळ नव्हतीच. तीस बाय तीस मीटरचे तळे म्हणजे लँडसॅटची जेमतेम एक चौकट, आणि तीही बहुधा दोन-तीन चौकटींत विभागली जाते, म्हणून ते गणतीत येत नाही. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही असे नसते, हे प्रमाण आणि तपशील यांविषयीचे तत्त्व मुलांना इथे कळले. मग प्रश्न आला की ही तळी भरतात कशाने. मागेल त्याला शेततळे ही २०१६ ची योजना पावसाचे पाणी साठवण्यासाठी होती, पण प्लास्टिकचा कागद अंथरलेली आमच्याकडची बरीच तळी विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने भरून ठेवली जातात, हे मुलांनी स्वतःच सांगितले.

हिशेब त्यांच्याकडूनच करून घेतला. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या बाजू असलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर नऊशे चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७,२०० लिटर पाणी उडून जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरवलेल्या माणशी ५५ लिटरच्या मानकाने हे सुमारे १३० माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीतली मुलगी हा आकडा वाचून दाखवत असताना, ज्याच्या घरी तळे आहे तो मुलगा खाली मान घालून बसला होता. मी त्याला बोलते केले. दुष्काळाच्या वर्षी त्याच तळ्याने त्यांची डाळिंबाची बाग वाचवली, बाग गेली असती तर कर्ज फिटले नसते, हे त्याने सांगितले, आणि तेही तितकेच खरे होते. दोघांचेही म्हणणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि तास तिथेच थांबवला. पुढच्या तासाला मुलांनी जे मार्ग सुचवले त्यांत तळ्यावर शेडनेट टाकणे, फक्त पावसाळ्यातल्या वाहत्या ओढ्यातून तळे भरणे, आणि पाणी कमी असलेल्या वर्षी वस्तीसाठी काही वाटा राखून ठेवणे असे तीन मार्ग होते. मी त्यांना अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची माहिती दिली. तिथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि उपलब्ध पाण्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरवते. गावाच्या डोंगरावरचे सलग समतल चर उपग्रह प्रतिमेतही शोधता येतात, आणि ते शोधण्यात मुलांनी मधली सुटी घालवली.

मे महिन्यातल्या नोंदी सुटीत घेतल्या गेल्या, आणि जूनमध्ये मुलांनी आपला नकाशा ग्रामपंचायतीत मांडला. मोठा पडदा मिळाला नाही, तेव्हा चार छापील तक्ते भिंतीला लावले. लोकांनी सर्वांत जास्त वेळ जुन्या नकाशापुढे काढला, आणि त्यानंतर ओढ्यांच्या नावांवर चर्चा रंगली. दोन नावे चुकली आहेत असे ज्येष्ठांनी सांगितल्यावर मुलांनी ती तिथेच दुरुस्त केली. शेततळ्यांचा तक्ता लावावा की नाही यावर मुलांमध्ये आधी मतभेद होते. तळी ज्या घरांची आहेत त्यांच्याकडे बोट दाखवल्यासारखे होऊ नये म्हणून त्यांनी तळ्यांची जागा न दाखवता फक्त बाष्पीभवनाचा हिशेब लावला. हा निर्णय त्यांचा होता आणि मला तो योग्य वाटला. ग्रामपंचायतीने पाझर तलावातला गाळ काढण्याच्या कामासाठी मुलांचा पाणलोटाचा नकाशा मागून घेतला आहे. तो समोच्च रेषांवरून हाताने काढलेला असल्यामुळे आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा, अशी विनंती आम्ही त्यासोबत लिहून दिली.

मूल्यमापन हा यातला अवघड भाग आहे. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांना हे काम केलेल्या मुलांनी जास्त गुण मिळवले असा दावा मी करणार नाही. त्यांच्या उत्तरांत बदल दिसला तो असा, की जलसंधारणाचे उपाय लिहा या प्रश्नावर पूर्वी सगळे एकसारखी यादी लिहीत, आता बरीच मुले उपाय कुठे चालेल आणि कुठे नाही हे लिहितात. मांजऱ्या असलेल्या ठिकाणी पुनर्भरण घ्यावे, काळ्या पाषाणावर घेऊ नये, असे एका नववीच्या मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. तपासणाऱ्याकडच्या आदर्श उत्तरात हे नसते, आणि अशा उत्तराला पूर्ण गुण द्यावेत यासाठी मी शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलते आहे.

या वर्षी त्याच विहिरी पुढच्या नववीकडे सोपवल्या आहेत. आधीच्या तुकडीच्या नोंदी हाताशी असल्यामुळे त्यांना ऑक्टोबरची पातळी मोजल्याबरोबर मागच्या ऑक्टोबरशी तुलना करता आली. ज्या मुली-मुलांनी पहिल्या नोंदी घेतल्या ती आता दहावीत आहेत आणि क्षेत्रभेटीच्या पाठासाठी तीच नवीन मुलांना विहिरींवर घेऊन जातात. विजेचा प्रश्न अजून राहिला आहे: कोणत्या महिन्यात मोटारी किती तास चालतात हे कळल्याशिवाय पातळी का उतरते याचे उत्तर अर्धेच राहते. काही पालकांनी आपल्या मोटारीच्या तासांची वही ठेवायची तयारी दाखवली आहे. जानेवारीच्या मोजणीपासून त्या वह्यांचा एक स्तर नकाशात जोडायचा, असे मुलांनी ठरवले आहे.